दुधावाचून कुठं अडतंय?

बाय, परवा तुझा फोन ठेवला आणि मला आधी हसूच आलं. ‘मावशी, डॉक्टरांनी दूध बंद केलं गं,’ हे तू अशा आवाजात सांगितलंस की वाटावं, जेवणच बंद केलंय. मग हसू ओसरलं. तुला हे सत्ताविसाव्या वर्षी कळलं. मला कळायला एक्कावन्न उजाडलं आणि लग्नानंतरची तीस वर्षं मी पोट धरून काढली.

मालवणची पोर कोल्हापुरात दिलेली. आपल्या घरी दूध यायचं ते चहापुरतं. इथं गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून डोळ्यांदेखत धार काढतात, फेसाळता पेला हातात देतात आणि माणसं उभ्या उभ्या तो रिकामा करतात. सासूबाई मायेच्या होत्या. नव्या सुनेच्या अंगावर मांस नाही म्हणून रोज सकाळी पितळी पेला भरून म्हशीचं दूध, वर सायीचा तुकडा. तासाभरात पोटात गडगड सुरू व्हायची, मग नगारा, मग परसाकडं धाव. लाजेनं कुणाला सांगायची नाही. पुढं दवाखाने झाले. एकानं आमांश ठरवून गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं पित्त ठरवलं आणि पित्तावर उपाय काय सांगितला, तर उपाशीपोटी थंडगार दूध! मी ते इमानेइतबारे प्याले.

मग तुझ्या आजीच्या आजारपणात दीड महिना मालवणला राहिले. उकड्या तांदळाची पेज, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. पोट अगदी गप्प. कोल्हापूरला परतले, पेला हातात आला आणि दुपारच्या आत पुन्हा तेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जे मला दवाखान्यात कळलं नाही, ते माहेरच्या पेजेनं सांगितलं.

आता हे काय असतं ते एकदा समजून घे, म्हणजे घाबरणार नाहीस. दुधात एक साखर असते, लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्यात एक पाचकरस लागतो, लॅक्टेज. अंगावर पिणाऱ्या बाळात तो भरपूर असतो. बाळपण सरलं की बहुतेकांचा कमी होत जातो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात, वायू धरतो, साखर पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. जगातल्या मोठ्या माणसांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांचा हा रस असाच ओसरलेला असतो. तेव्हा तू काही जगावेगळी नाहीस. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखली, त्यांच्या रक्तात हा रस म्हातारपणापर्यंत टिकवण्याचा गुण उतरला. आपले पूर्वज बहुधा मासे पागत बसले असतील.

पण एक गोष्ट पक्की करून घे. तुझ्या डॉक्टरांनी तपासणी केली की नुसता अंदाज बांधला? श्वासाची तपासणी असते. उपाशीपोटी लॅक्टोजचं पाणी पाजतात आणि दोन-तीन तास ठराविक वेळानं श्वासातला हायड्रोजन मोजतात. ती नसेल करायची तर दोन आठवडे दूध आणि दुधाचं सगळं कडक बंद ठेव. पोट निवळलं, की एका सकाळी उपाशीपोटी कपभर दूध पिऊन बघ. उत्तर तासा-दोन तासांत मिळेल. आणि वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप असेल किंवा जुलाबासाठी मध्यरात्री झोपेतून उठावं लागत असेल, तर माझ्या या पत्राची घडी घालून ठेव आणि आधी पोटाच्या डॉक्टरांकडं जा. ते दुखणं दुधाचं नव्हे.

दुधाची अ‍ॅलर्जी ही तर वेगळीच गोष्ट. ती दुधातल्या प्रथिनाची असते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. तिथं चमचाभरसुद्धा जिवावर बेतू शकतं. तुझं तसं नाही. तुझं सगळं मापावर आहे आणि हे माप कळलं की अर्धी लढाई सरली.

कपभर दुधात, म्हणजे अडीचशे मिलिलिटरमध्ये, साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. म्हशीचं, गायीचं, देशी गायीचं, ते ए-टू म्हणून महाग विकतात त्याचं, सगळ्याचं थोड्याफार फरकानं तेच. शेळीच्या दुधात किंचित कमी, पण तेवढ्यानं तुझं भागणार नाही. तेव्हा कुणी ‘आमच्या गीर गायीचं पिऊन बघा’ म्हणालं तर पैसे वाचव. चहात जातं ते दोन-तीन चमचे दूध, ते बहुतेकांना सोसतं. मलाही सोसतं. मात्र कोल्हापुरी ‘स्पेशल’ म्हणजे नुसत्या दुधात उकळलेला चहा, तो नाही. जेवणाबरोबर थोडं दूध पोटात गेलं तर कमी त्रास देतं, रिकाम्या पोटी तेवढंच दूध जास्त देतं. हे मी सासूबाईंना समजावू शकले असते तर!

तूप बिनघोर खा. कढवताना त्यातलं दूधपाणी आटून जातं, बेरी खाली राहते, साखरेचा अंश जवळजवळ उरत नाही. फक्त ती बेरी साखर घालून खायचा मोह आवर. लोण्यात लॅक्टोज अगदी थोडं. मुरवलेल्या कडक चीजमध्ये नसल्यासारखंच. पनीरचं बरंचसं लॅक्टोज फाडलेल्या पाण्यात निघून जातं, त्यामुळं चार तुकडे चालावेत. पण ते पाणी! आपल्या बायका काटकसरी, ‘पौष्टिक आहे, फेकू नये’ म्हणून त्याच पाण्यात कणीक मळतात. मी एकदा लग्नघरी पनीर टाळून शहाणपणानं नुसत्या पुऱ्या खाल्ल्या आणि रात्रभर जागले. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याशी बोलताना कळलं, पुऱ्या त्या पाण्यात मळल्या होत्या.

दह्याचं जरा बारकाईनं ऐक. विरजणातले जंतू दुधातली काही साखर स्वतःच खाऊन टाकतात आणि उरलेली पचवायला आपल्या आतड्यातही हातभार लावतात. म्हणून पेलाभर दूध न सोसणाऱ्याला वाटीभर दही सोसू शकतं. जितकं मुरलेलं, आंबट, तितकं बरं. गोड, अर्धवट लागलेलं दही नको. ताकात पाणी जास्त, म्हणून पेल्यामागं साखर आणखी कमी. पण तेच ताक उकळून कढी केली की ते मदतीचे जंतू मरतात. मला ताक चालतं, कढीचा दुसरा वाडगा चालत नाही. तुझं तू बघ, आठवड्याला एकच पदार्थ चाखून. सगळं एकदम सुरू केलंस तर चोर सापडायचा नाही.

गोडाधोडात खवा सगळ्यात वाईट. दुधातलं पाणी उडतं, साखर तिथंच राहते. पेढा, बर्फी, गुलाबजाम ही सगळी खव्याची पोरं. बासुंदी वाटीभर म्हणजे आटण्याआधीचं तीन वाट्या दूध समज. त्या मानानं श्रीखंड गरीब, चक्का बांधला की निथळत्या पाण्याबरोबर पुष्कळसं लॅक्टोज जातं. पूजेच्या पंचामृताला नाही म्हणू नकोस. पळीभरानं काही होत नाही आणि घरातली म्हातारी माणसं दुखावत नाहीत.

बाजारच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लाव. बिस्किटं, पाव, सूपची पाकिटं, मसाला लावलेले वेफर्स, शक्तिवर्धक म्हणून दुधात घालायच्या पावडरी, यांत दुधाची पावडर किंवा व्हे पावडर असते. दुधाच्या पावडरीत तर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लॅक्टोज, साय काढलेलीत निम्म्यापर्यंत. आपल्याकडं पाकिटावर दुधाची सूचना वेगळी छापावी लागते, ती शोध. नावाला भुलू नकोस मात्र. लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणजे लॅक्टोज नव्हे आणि कोको बटरचा गायीशी काही संबंध नाही. कित्येक गोळ्यांत भर म्हणून लॅक्टोज घालतात, होमिओपॅथीच्या पांढऱ्या पुड्या तर बहुधा त्याच्याच. गोळीतलं प्रमाण चिमूटभर असतं. त्यासाठी कुठलं औषध आपल्या मनानं बंद करू नकोस.

आता मुद्द्याचं, स्वयंपाकाचं. तू विचारलंस, ‘मग खाऊ काय?’ अगं, तुझ्या आजोळी काय खायचे ते आठव. घावन आणि चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी आणि भात, माशाचं तिखलं, सोलकढी. यात दूध कुठं आहे? घाटावर बघितलंस तरी पिठलं-भाकरी, शेंगोळे, झुणका, ठेचा, उपासाला वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. इतकंच काय, कोल्हापूरकर ज्याच्यावर छाती फुगवतात तो पांढरा रस्सासुद्धा नारळाच्या दुधाचा. (काही हॉटेलांत त्यात दही किंवा साय पडते, विचारून घे.) दुधावर चालतो तो आपला चहा आणि सणासुदीचं काही पक्वान्न. बाकी ताट तुझंच आहे.

नारळाचं दूध घरी काढ. डब्यातलं अडीनडीला. नारळ ओला, पाणीदार घे, हलवून बघ. खवताना काळी पाठ येऊ देऊ नकोस, नाहीतर रस करडा दिसतो. खवलेल्या खोबऱ्यात वाटीभर कोमट पाणी घाल, कढत नको, मिक्सरला दोनदा थांबून थांबून फिरव आणि फडक्यात घालून पीळ. हा पहिला रस, दाट. तो बाजूला ठेव. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा रस काढ. आमटी, खीर शिजवायची ती दुसऱ्या रसात. पहिला शेवटी घालायचा आणि उकळी फुटायच्या आत गॅस बंद, नाहीतर फाटतो, वर तेलाचे डोळे येतात. गुळाचंही तसंच, आच बंद करून, जरा निवल्यावर. आणि नारळाच्या दुधाचा चहा करून बघू नकोस. मी केलाय. कपावर तवंग आला आणि तुझ्या काकांनी तो तुळशीला घातला. तुळससुद्धा रुसली.

गोड हवंच असेल तर शिरवाळे कर. तांदळाच्या उकडीच्या शेवया आणि वेलची-गुळाचा रस. नाहीतर खापरोळ्या, त्याच रसात भिजवून. गोव्यातलं मणगणं आहे, हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचं दूध. एका पातेल्यात होतं. उकडीचे मोदक, पातोळ्या, सांदणं, अनारसे, तिळाचे लाडू, बेसनाचे लाडू, सगळं चालतं. पुरणपोळीवर तूप घे, दूध नको, नाहीतर आपल्याकडच्यासारखी नारळाच्या रसात बुडवून खा. दिवाळीला शंकरपाळे आणि करंजीची पारी दुधात मळतात, घरी असशील तर पाण्यात मळ. विकतच्या रव्याच्या लाडवात खवा असू शकतो, विचार.

कोजागिरीला सगळे मसाला दूध पितात आणि आपण कोपऱ्यात बसायचं हे काही बरं नाही. हल्ली शहरात लॅक्टोज-फ्री दूध मिळतं. ते खरं दूधच, फक्त साखर आधीच फोडून ठेवलेली. फुटलेली साखर जिभेला जास्त गोड लागते, तेव्हा वरची साखर निम्मी घाल. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात, त्या खाण्याच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. रात्री पोट फुगल्यावर घेऊन उपयोग नाही. लग्नकार्याला एक पट्टी पर्समध्ये असू दे. सोया दूध, बदाम दूध यांतलं सोया मला बरं वाटतं, प्रथिनं असतात. बदाम दुधात तेवढी नसतात, नाव मोठं. वरून कॅल्शियम घातलेलं आहे का ते बघून घे आणि ओतण्याआधी डबा हलव, कारण ते तळाशी बसतं.

दूध सुटलं की दोन गोष्टी ताटातून निसटतात आणि त्याकडं माझं दहा वर्षं दुर्लक्ष झालं. पहिली कॅल्शियम. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. कपभर दुधात साधारण ३०० असतं, ती भरपाई कुठून करायची? नाचणी. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास. पण भाकरी किंवा आंबील कर, सत्व नको. सत्व गाळताना जो कोंडा फेकतो त्यातच कॅल्शियमचा मोठा वाटा असतो. सत्व बाळांना, तुला दात आहेत. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळलीस तर अंगी जास्त लागते. आंबील ताकाशिवायही होते. पीठ रात्री पाण्यात कालवून आंबव, सकाळी शिजव, मीठ आणि ठेचलेली लसूण घाल. तीळ पॉलिश न केलेले घे आणि कुटून चटणीत खा, अख्खे तीळ जसेच्या तसे बाहेर पडतात. कारळ्याची चटणी तशीच. शेवग्याचा पाला आठवड्यातून दोनदा, परतून किंवा डाळीत. कुळीथ आहेच. पालकावर मात्र भिस्त ठेवू नकोस. त्यात कॅल्शियम असतं, पण ऑक्झलेट ते धरून ठेवतं, आपल्या पदरात फार थोडं पडतं. आणि मासे खातेस ना? मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खा. बोंबलाचा काटा मऊ असतो, सुकट-जवळा तर अख्खाच पोटात जातो. उन्हात भाजी निवडायला बस, ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही.

दुसरी गोष्ट बी-१२. शाकाहारी घरात ते मुख्यतः दुधातूनच येतं. माझ्या सासरी श्रावण-भाद्रपद मासळी बंद, पुढं माझीच खाण्याची इच्छा गेली आणि दूध तर आधीच सुटलेलं. तळपायाला मुंग्या यायच्या, जिभेची साल गेल्यासारखी व्हायची, नावं विसरायला व्हायचं. वय झालं म्हणून सोडून दिलं. रक्त तपासल्यावर बी-१२ तळाला गेलेलं निघालं, इंजेक्शनं घ्यावी लागली. तू अंडी-मासे खातेस म्हणजे थोडी सुरक्षित आहेस. पण पुढच्या महिन्यात लग्न होऊन शाकाहारी घरात चालली आहेस.

म्हणून त्या घरासाठी एक कानात सांगते. रोगाचं इंग्रजी नाव घेऊ नकोस. नाव घेतलंस की दहा जण दहा औषधं सांगतील. ‘दूध मला सोसत नाही, ताक चालतं’ एवढंच म्हण, हसून म्हण आणि ताक मागून घे. सासूबाईंनी प्रेमानं पेला पुढं केला तर पहिल्याच दिवशी नाही म्हण. माझ्यासारखं पहिल्या दिवशी प्यायलीस तर तीस वर्षं पीत राहशील. आणि एकदा तूच स्वयंपाकघरात शिरून सगळ्यांना खापरोळ्या करून घाल. त्यानंतर दुधाचा विषय कुणी काढत नाही. हे मी माझ्या सुनेच्या माहेरी करून पाहिलंय.

पुढं बाळ झालं तर त्याला मात्र हा नियम लावायचा नाही. आईच्या दुधात लॅक्टोज गायीच्या दुधापेक्षाही जास्त असतं आणि बाळाला ते पचतं. जुलाबाच्या साथीनंतर काही दिवस बाळाच्या पोटाला दूध कमी सोसतं, पण ते बहुधा आपोआप सुधारतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अंगावरचं पाजणं बंद करू नकोस.

तू नारळ खवायला बसशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर, मी रस बघून सांगीन. त्याच्या आधी मात्र बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाचं रक्त तपासायला देऊन ये, लग्नाच्या गडबडीत राहून जाईल. रिपोर्टचा फोटो काढून मला पाठव.